सुईने उकललेलं पाकीट

३ सप्टेंबर

आवक : अक्काकडून पार्सल एक. आत हळद पाव किलो, देवाच्या वाती दोन गठ्ठे, शिवणाच्या सुयांची पुडी, ह्यांचे सुती बनियन तीन, अक्काचं पत्र, ठकीचं पत्र (ओळी एकोणीस), ठकीचा निळा स्वेटर, आणि ह्यांच्या सरांचं पाकीट. पोस्टातून सोडवायला इकडचे सव्वाचार पडले. तिकडे किती भरले ते अक्का कधी सांगत नाही, मी तिकिटांची बेरीज करून काढलं. सुतळी चांगली आहे, गुंडाळून ठेवली.

स्वेटर मीच विणून जूनमध्ये पाठवला होता. अक्काने त्याला चिठ्ठी टाचली आहे, "बाह्या कोपराच्या खाली येत नाहीत. लोकर उत्तम, वाया जाऊ नये म्हणून परत." शोभते माझी बहीण. मी अंदाजाने विणला, अंदाज चुकला. उसवून पुन्हा घालीन.

वही नवी, म्हणून मागची शिल्लक पुढे ओढते. आम्हाला इथे येऊन चौदा महिने झाले. हे तिकडे अठरा वर्षं डॉक्टर होते, दारात पहाटेपासून रांग असायची. पण इथे बाहेर शिकलेल्या डॉक्टरला पुन्हा पाटीवर धुळाक्षरं. आधी परीक्षा, त्या ह्यांनी दिल्या आणि उत्तीर्णही झाले. मग कुठल्या तरी इस्पितळात तीन वर्षं शिकाऊ डॉक्टर म्हणून राहायचं, तेव्हा कुठे स्वतःचा दवाखाना. ती शिकाऊ जागा काही मिळत नाही. गेल्या वर्षी शहाण्णव अर्ज, मुलाखती शून्य. पदवीला वीस वर्षं उलटली की अर्जच घेत नाहीत म्हणे, म्हणजे ह्यांचं हे शेवटचं साल. जागा मिळाली की ठकीला आणायचं. एकुलती एक, बाराची आहे, अक्काजवळ ठेवून आलो. ही एवढी शिल्लक.

तोवर हे इथल्या मोठ्या इस्पितळात निरीक्षक म्हणून जातात. मोठे डॉक्टर काम करतात, हे मागे उभे राहून पाहतात. दर शनिवारी त्याचं छोटं खाकी पाकीट मिळतं. नुसतं पाहण्याचे पैसे देणारी माणसं चांगलीच म्हणायची.

सरांचं पाकीट उघडून पाहिलं. आलेली प्रत्येक वस्तू उघडून, आत काय ते लिहून मगच जागेवर ठेवायची, ही वडिलांच्या दुकानातली शिस्त. पाकीट मी कधी फाडत नाही. विणायच्या सुईने कडेकडेने उकलते, म्हणजे उलटं करून पुन्हा वापरता येतं. ह्याच्या तोंडावर मात्र सरांनी आडवी सही केली होती, अर्धी झाकणावर, अर्धी खाली. ऐंशीच्या घरातला माणूस, जागा चुकली असेल, असं वाटलं.

पत्र इंग्रजीत. मॅट्रिकला मला इंग्रजीत एकेचाळीस होते, तेवढ्या भांडवलावर आणि ह्यांच्या डिक्शनरीवर दोन तास बसले. अकरा शब्द अडले, नऊ सापडले. सरांनी लिहिलंय की हा विद्यार्थी बोलतो कमी, ह्याचा हात स्थिर आहे, आणि साथीच्या साली इस्पितळातले हमाल भिऊन पळाले तेव्हा ह्याने सोळा दिवस स्वतः रुग्ण उचलून नेले, मेलेलेसुद्धा. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे मला कधी बोलले नाहीत. पत्र पुन्हा पाकिटात घालून देवापुढे ठेवलं.

दुपारी वरच्या खोलीतले डॉक्टर पातेलं परत द्यायला आले. आपल्याच भाषेतले. सहा वर्षं जागेच्या मागे आहेत, स्वतःलाच परीक्षाबहाद्दर म्हणतात, मी भावजी म्हणते. दिवसा पावाच्या कारखान्याची गाडी चालवतात. देवाकडे हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, सरांचं पाकीट आलं वाटतं! आता डोळ्यांत तेल घालून सांभाळा हं. तोंडावरची सही पाहिलीत ना?"

"ती कशाला असते हो?"

"कशाला म्हणजे? उमेदवाराने मधे उघडलं नाही याची खूण. ज्याचं त्याने वाचलं तर शिफारस कसली? उघडलेलं दिसलं की पत्र रद्दी, आणि उमेदवार लबाड. गेल्या साली एकाचा अख्खा अर्ज त्याच्यावरच परत आला. चहा करताय का?"

चहा केला. साखर दोनदा घातली. भावजी म्हणाले, "आज उधळपट्टी चाललीय!"

४ सप्टेंबर

हे रात्रपाळीहून सकाळी आले. त्याआधी मी पिठाची खळ केली, पातळ, गाळून, आणि पाकीट चिकटवलं. सहीच्या रेघेला रेघ जुळवली. केसभर फरक आहे, माहीत नसलेल्याला दिसायचा नाही. वर देवाचं तबक वजन म्हणून ठेवलं. देवाचं तबक त्या कामाला वापरलं.

ह्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. म्हणाले, "अक्काचं पत्र वाचलंस? सर आता अंथरुणावरून उठत नाहीत, सहीला हात चालत नाही. हे शेवटचंच समज."

मी सांगणार होते. चहा ओतला आणि राहिलं.

११ सप्टेंबर

जावक : अर्ज एकेचाळीस. टपालखर्च बराच झाला, पण त्यात काटकसर चालत नाही. सरांचं पाकीट एकच, ते टेकडीवरच्या एका लहान इस्पितळाच्या अर्जाला जोडलं. गाडीने सात तास. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाई सरांना लेखांतून ओळखतात, आणि वयाने मोठे उमेदवारही घेतात म्हणे. हे म्हणाले, "बाकी चाळीस खडे अंधारात. हा एक उजेडात."

संध्याकाळी मी जपाला बसले. एकशे आठ मणी ओढायचे, पन्नाशीच्या आसपास बोटं थांबतात आणि पिठाची खळ आठवते. उठले.

२ ऑक्टोबर

आज दिवसभरात बोललेले शब्द सात. पाच देवाशी, दोन घराच्या मालकीणबाईंशी. त्यांचं बोलणं मला चार आण्यांइतकं कळतं, माझं त्यांना दोन आणे. त्या जिन्यात हवेकडे बोट करून कुडकुडून दाखवतात, मीही कुडकुडून दाखवते. मग दोघी हसतो आणि आपापल्या दाराआड जातो.

खिडकीतून समोरच्या भिंतीच्या विटा मोजल्या. खिडकीत मावतात तेवढ्या दोनशे चौदा.

निळा स्वेटर उसवला. लोकर धुऊन खुर्चीच्या पाठीला ताणून बांधली, तरी वाकडीच राहते. एकदा विणली की ती वळण सोडत नाही.

१९ ऑक्टोबर

ठकीचं पत्र, ओळी अकरा. अभ्यास वाढला असणार. लिहिते की, "अक्काआईने माझे केस कापून आणले, मानेपर्यंत. सगळ्या मैत्रिणी छान म्हणाल्या." मी गेल्या आठवड्यात तिच्यासाठी रिबिनी घेतल्या होत्या, लाल आणि पिवळी. असू दे, वहीला बांधायला होतील. अक्काआई हे नवीनच काढलंय पोरीने! गोड आहे.

ह्यांनी दोन राखाडी शर्ट मागितले, पांढरे लवकर मळतात म्हणाले. त्यांच्या कपड्यांना फिनेलचा वास येतो, धुऊन जात नाही. मोठी इस्पितळं स्वच्छतेला फार जपतात.

५ नोव्हेंबर

नकार आजवर चौदा. सगळ्यांची पाकिटं पातळ. आता पोस्टमनच्या हातातली जाडी लांबूनच कळते. पाकिटं उकलून, उलटी करून ठेवली. चांगला जाड कागद वापरतात, नाही म्हणायला.

ह्यांनी तळहात पुढे केला, म्हणाले सुईने काटा काढ. काटा नव्हता. घट्टे पडले आहेत, बोटांच्या मुळाशी चार. शस्त्रक्रियेच्या हाताला मी तिकडे कधी पाण्याची बादली उचलू दिली नाही. विचारलं तर म्हणाले, "जिन्याच्या कठड्याने." इस्पितळात जिने फार असतील.

भावजींकडे तीन नकार एकाच दिवशी आले. म्हणाले, "वहिनी, आमचं म्हणजे लग्नाच्या मुलीसारखं झालंय. दाखवायला न्या, वय विचारा, आणि कळवतो म्हणा. आमच्या जोडीला एक तुमचे यजमान, दिवसभर ढकलगाडी ओ..." आणि थांबले. पावाचा तुकडा तोंडात कोंबला.

"ढकलगाडी काय?"

"काही नाही हो. ढकलगाडीसारखं चाललंय म्हटलं आयुष्य."

मी पुढे विचारलं नाही. कच्चा आकडा पक्क्या वहीत घेऊ नये.

२ डिसेंबर

जाड पाकीट! टेकडीवरच्या इस्पितळाची मुलाखत, सोळा तारखेला. ह्यांनी पत्र तीनदा वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग जिना चढून भावजींना. भावजींनी वरून आरोळी ठोकली, "वहिनी, साखर काढा, यंदा हिशेब मांडायचा नाही!"

त्या पत्रात म्हटलंय की मूळ कागद मुलाखतीच्या वेळी समोर उघडले जातील. समोर. बाई पाकीट हातात घेणार, उजेडात धरणार. केसभर फरक.

खाई त्याला खवखवे.

५ डिसेंबर

आज धीर केला. घरी सांगता येत नाही, चहा मधे येतो, म्हणून इस्पितळात जाऊन सांगायचं ठरवलं. बसचं तिकीट काढलं, येताना चालत यायचं म्हणजे निम्मा खर्च वाचेल. हिरवी कापडी पिशवी बरोबर घेतली, रिकामी. रिकाम्या हाताने गेलं तर लोक पाहतात.

खालच्या लांब मार्गिकेत खांबाशी उभी होते. हे आले. राखाडी शर्ट, पायात रबरी बूट. ढकलखाटेवर एक म्हातारा होता, तो खाट हे ढकलत होते. मागे दुसऱ्या गाडीवर मळक्या चादरींचा ढीग, तीही एका हाताने ओढत होते. एक कोवळा डॉक्टर आला, मिसरूड फुटलेलं नाही, आणि घड्याळ दाखवून ह्यांच्यावर काहीतरी खेकसला. ह्यांनी मान डोलावली. मग थांबून म्हाताऱ्याची शाल नीट केली, मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली, तीही अशी, जणू शालच सारखी करताहेत. आणि पुढे गेले.

सरांनी लिहिलंच आहे. हमाल नसले की हे स्वतः रुग्ण उचलतात. स्वभावच तो. आजही हमाल आले नसतील.

तशीच परत फिरले. चालत आले, दीड तास लागला. पिशवी रिकामीच.

९ डिसेंबर

चार दिवस हमाल कसे येत नाहीत? ऑक्टोबरपासून फिनेल कसं? शनिवारचं खाकी पाकीट कशाचं?

आज लिहून टाकते, वहीत खोटी नोंद नको. मला पाच तारखेलाच कळलं होतं. भावजींच्या घासातही कळलं होतं.

म्हणजे ह्या घरात दोन चिकटवलेली पाकिटं आहेत, एक ह्यांचं आणि एक माझं. ह्यांचं मी उघडणार नाही. माझं मात्र उघडायला हवं. मुलाखतीत हे लबाड ठरले तर ते माझ्यामुळे, आणि त्यांना का ते कळणारही नाही. मान डोलावून उभे राहतील, त्या कोवळ्या पोरासमोर राहिले तसे.

सांगितलं तर जागा जाईल. न सांगितलं तर कदाचित मिळेल, आणि ठकी येईल. रात्रंदिवस हीच बेरीज, दर वेळी उत्तर वेगळं.

१३ डिसेंबर

तोंडाने जमत नाही. ही वहीच ह्यांच्या हातात देणार आहे, तीन सप्टेंबरचं पान उघडून. देवाला सांगून ठेवलं.

१४ डिसेंबर

(हे त्यांचं अक्षर आहे. डॉक्टरचं, दोनदा लावावं लागलं, म्हणून खाली मी सुवाच्य उतरवते.)

"सगळी वाचली. पाच तारखेला मीही तुला पाहिलं होतं, खांबामागे. हिरवी पिशवी ओळखली. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं, म्हणून ढकलत राहिलो. तू निदान वहीत लिहिलंस, मी कुठेच लिहिलं नाही. पहिल्या महिन्यापासून हमालच आहे."

वही परत देताना म्हणाले, "खळ कशाची केली होतीस?"

"पिठाची. गाळून."

"हात साफ आहे तुझा. टाके घालायला ठेवली असती दवाखान्यात."

मला हसू आलं, आणि मग रडू. ते बाजूला बसून राहिले, पाठीवर हात ठेवून. घट्टे लागत होते.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"त्यांनी उघडायच्या आधी मी सांगेन."

"जागा गेली तर? साल शेवटचं आहे. ठकीचं काय?"

"मला बारा वर्षांच्या मुलीला सांगता आलं पाहिजे ना, जागा कशी मिळाली ते."

आज जप पुरा झाला. एकशे आठ.

१७ डिसेंबर

हे दुपारी आले. सात तास गाडीत, तोंड एवढंसं झालेलं. हातपाय धुतल्याशिवाय बोलणार नाहीत, माहीत होतं. मग एकदम सांगायला लागले.

"तिघे जण होते. मधे त्या बाई, पिकलेले केस, आपल्या आत्याबाईंसारख्या कडक. पाकीट उचललं तसं मी म्हटलं, एक मिनिट. हे उघडलेलं आहे. माझ्या घरी पत्नी प्रत्येक टपाल उघडून वहीत नोंदते, तिला नियम माहीत नव्हता. नंतर कळला आणि घाबरून तिने पुन्हा चिकटवलं. मी स्वतः पत्र वाचलेलं नाही, तिच्या वहीतल्या दोन ओळी तेवढ्या वाचल्या."

"मग?"

"बाजूचा एक जण म्हणाला, मग हे पत्र धरता येणार नाही. बाईंनी खिडकीशी नेऊन पाहिलं. म्हणाल्या, काम चांगलं आहे, मला कळलं नसतं."

"अगं बाई!"

"आणि पाकीट न उघडता मला परत दिलं. म्हणाल्या, पत्राशिवाय पुढे जाऊ. सध्या काय करता? मी सांगितलं, हमाल आहे. किती तास? सांगितलं. मग एका रुग्णाची केस दिली, त्यावर अर्धा तास बोललो. संपलं."

"हसल्या का शेवटी?"

"नाही."

"चहा विचारला?"

"नाही गं."

म्हणजे नाहीच. पाकीट ह्यांनी मला दिलं. म्हणाले, "तूच ठेव. मला वाचायचं नाही, तू वाचलंस तेवढं पुरे." ट्रंकेत तळाशी ठेवलं. हे एक पाकीट उलटं करून वापरायचं नाही.

६ जानेवारी

ठकीचं पत्र. ओळी सहा, त्यात एक आशीर्वाद मागण्याची. लिहिते, "आमच्या घरी मांजरीला पिल्लं झाली." आपलं घर तर भाड्याने दिलंय, तिथे मांजर कुठून आली? अक्काकडच्या मांजरीबद्दल असेल. घाईत लिहिते, मग असं होतं. अक्काला कळवलं, पोरीला रोज अर्धं पान शुद्धलेखन घाल.

स्वेटरची पाठ विणून झाली. लांबी किती ठेवावी समजत नाही. डोळे मिटून तिला उभी करते, तर ती निघतानाचीच उभी राहते, फाटकाशी, दोन वेण्या.

२० जानेवारी

निकाल. पातळ. टेकडीवरच्या इस्पितळाने ह्यांना प्रतीक्षेच्या यादीत ठेवलंय, तिसरे. जागा दोनच, दोन्ही भरल्या. बाकी चाळीसचे नकार आलेलेच होते.

माझ्या सुईने गेली. पत्र धरलं असतं तर पहिले असते. हे म्हणाले, "तसं काही नाही." मग म्हणाले, "असेलही." खोटं बोलत नाहीत हल्ली आम्ही एकमेकांशी. जड जातं.

परतीच्या भाड्याची चौकशी केली. वीस फेब्रुवारीपर्यंत ठरवायचं.

४ फेब्रुवारी

भावजी गेले. दुसऱ्या शहरात, तिथल्या पावाच्या कारखान्यात मुकादम म्हणून. अर्ज करणं सोडलं. दाराशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, बहाद्दर निवृत्त. पुढच्या जन्मी मॅट्रिकच होतो, सुखी राहीन."

"मॅट्रिकचं सुख पाहताय ना?"

"पाहतोय म्हणून तर म्हणतोय. तुमच्या घरात खरं बोलतात." डोळे ओले होते, मी न पाहिल्यासारखं केलं.

पातेलं ह्या वेळी भरून परत दिलं, आत दोन पाव. वरच्या खोलीत पावलं वाजत नाहीत. छताकडे कान जातो. आता आपल्या भाषेतलं माणूस म्हणजे हे एकटे, आणि हे कामावर.

१२ फेब्रुवारी

मालकीणबाई दार ठोठावत आल्या, हाताने कानाशी फोन धरल्याची खूण करत. हे झोपले होते. बनियनवरच खाली धावले. मी जिन्यात.

टेकडीवरच्या इस्पितळातून स्वतः त्या बाई. एका उमेदवाराला मोठ्या शहरात जागा मिळाली, तो येत नाही. यादीतल्या पहिल्याने दुसरीकडे धरलं, दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. एक तारखेला हजर होऊ शकाल का?

ह्यांनी फोन ठेवला आणि मालकीणबाईंनाच वाकून नमस्कार केला. त्या बिचाऱ्या दचकून भिंतीला टेकल्या.

कुणी तिघे येत नाहीत म्हणून आपला संसार उभा राहतो. देवापुढे दिवा लावला, तबक घासून लख्ख केलं. सप्टेंबरपासून ते माझ्या डोळ्याला मळकंच दिसत होतं.

५ मार्च

आवक : इस्पितळाच्या आवारात राहायला खोल्या दोन, खाट एक, टेबल एक, खुर्च्या दोन, खिडक्या तीन. भाडं पगारातून. खिडकीतून भिंत नाही, झाडं दिसतात. विटा मोजण्याची सोय गेली.

हे काल सकाळी गेलेत, आज रात्री येतील. शिकाऊ डॉक्टरांना एका दमात छत्तीस तास ठेवतात. वरचे डॉक्टर तिशीचे, ह्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. हे म्हणाले, "मारू देत. गळ्यात नळी आहे, हातात गाडी नाही." पण परवा ढकलखाट अडली होती, तर सवयीने हेच ढकलायला लागले, आणि सगळे हसले. हेही हसले म्हणे.

इथे जिन्यात कुडकुडून दाखवायलाही कुणी नाही. आज शब्द चार, सगळे देवाशी.

आतल्या खोलीत भिंत ते खिडकी नऊ वीत. लहान खाट बसेल. पण लहान किती, ते समजलं पाहिजे.

९ मार्च

अक्काचं पत्र. शाळेची परीक्षा एप्रिलच्या वीस तारखेला संपते. ठकीने स्वतंत्र लिहिलेलं नाही, अक्काच्या पत्राच्या समासात तीन ओळी आहेत : "बाबांना जागा मिळाली, अभिनंदन. पुढच्या वर्षी मी शाळेच्या नाचात पुढच्या रांगेत आहे. मांजरीची पिल्लं इतक्या लांब नेता येतात का?"

येण्याच्या तयारीला लागली पोर! पिल्लांचं विचारते आहे. नाचाचं ती विसरली असेल, पुढच्या वर्षी ती इथे असणार. अक्काने शेवटी लिहिलंय, "घाई करू नकोस, पोरीशी आधी नीट बोल." अक्काला सगळ्यातच घाई नको असते.

उत्तर लिहिलं. नक्कल खाली ठेवते.

"चि. ठकीस आईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या तीन ओळी पोहोचल्या. पिल्लं आणता येणार नाहीत, पण इथे आवारात एक मांजर आहे, करडी, मी तिला दूध घालून ठेवते आहे. तुझी खोली पाहून ठेवली, नऊ वीत, खिडकीतून झाड. नाच इथल्या शाळेतही असेल, मी विचारीन, तोवर मला इथलं बोलणं आणखी चार आणे येईल.

निळा स्वेटर पुन्हा घातला आहे. पाठ झाली, बाह्या अडल्या आहेत. खाटही करायला टाकायची आहे. तुझं माप माझ्याजवळ नाही. मागचं होतं ते चुकलं.

तर असं कर. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहा. टाचा टेकव, मान वर करू नकोस, तू नेहमी करतेस. अक्काला डोक्यावर पुस्तक ठेवून खूण करायला सांग. मग जमिनीपासून त्या खुणेपर्यंत एक दोरा लाव आणि तेवढाच काप. दुसरा खांद्यापासून मनगटापर्यंत. दोन्ही पाकिटात घाल. दोऱ्याला वजन नसतं, जास्तीचं तिकीट पडत नाही.

बरोबर काही लिहायचं असेल तर लिही. कमी असलं तरी चालेल. मनात दुसरं काही असेल तर तेही लिही, पाकीट मीच उघडीन, पण ह्या वेळी ते माझ्याच नावाचं असेल. आणि लिहायला अगदीच सवड नसली, तर नुसता दोरा पाठव. पण उलट टपाली पाठव."